कोपी, माळवद आणि मामांचा पॉड

तुम्ही येरमाळ्याला कधी आला असाल तर बहुधा येडेश्वरीला आला असाल, नाहीतर सोलापूर-बीड रस्त्यावर चहाला थांबला असाल. मी तिथे दर सुट्टीत जाते, कारण ते माझं आजोळ. आणि आता माझ्या पीएच.डी.चा निम्मा विषयही तिथेच आहे. (पीएच.डी. कधी संपणार, हे कृपया विचारू नका.)

गेल्या होळीला मामांनी रानात एक पॉड बसवला. पॉड म्हणजे काय, हे मलाही तेव्हाच कळलं. बागेत किंवा शेतात ठेवायची तयार खोली. भिंती, छत, दार, खिडकी सगळं सुट्या तुकड्यांत ट्रकमधून येतं, आणि दोन पोरं येऊन स्क्रू मारून ते दोन दिवसांत उभं करतात. मामांचा पॉड 10 बाय 8 फुटांचा. भिंती म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेली पॅनेल्स, एकात एक अडकणारी. खाली लोखंडी चौकट. आंब्याच्या बाजूला ठेवला, समोर दोन खुर्च्या टाकल्या. चैत्रात यात्रेला आलेल्या पाहुण्यांना तिथे नेऊन बसवलं आणि मामांचा रुबाब वाढला.

जुलैत दार लागेना. ऑगस्टमध्ये कोपऱ्यातल्या सांध्यातून पाणी आत आलं आणि गादीला बुरशी धरली. ज्यांच्याकडून पॉड घेतला त्यांनी फोनवर सांगितलं, की पॅनेलची गॅरंटी आहे, जमिनीची नाही. ऐकायला उद्धट वाटतं खरं, पण मुद्दा बरोबर होता. पॉड काळ्या मातीवर, सिमेंटच्या चार ठोकळ्यांवर ठेवला होता. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. तिच्यावर ठेवलेली कुठलीही हलकी वस्तू दरवर्षी वर-खाली होते, आणि चारही कोपरे सारखे हलत नाहीत. चौकट पिळली की सगळ्यात आधी दार सांगतं.

हे ओळखलं ते मामांच्या रानात रोजंदारीवर येणाऱ्या एका मावशींनी. पावसाळ्यात त्या आणि त्यांचे मालक गावात असतात, दसरा झाला की ऊसतोडीला जातात. मावशींनी पॉडला एक चक्कर मारली, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "अवो, ही कोपीच हाय की. चर कुठाय हिला?"

मी गेली तीन वर्षं बालाघाटाच्या या पट्ट्यातल्या उभारायच्या आणि मोडायच्या घरांचा इतिहास शोधते आहे. कोपी, पाल, खोप, मचाण, भूकंपातले पत्र्याचे शेड. तरी ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. म्हणून आज हा लेख. पॉड कसा बसवायचा हेही यात आहे, पण त्यासाठी जरा लांबून यावं लागेल.

आधी कोपी. शहरातल्या वाचकांसाठी सांगते. ऊसतोड कामगार हंगामात कारखान्याच्या आसपास तळ टाकून राहतात, त्या तळावरच्या झोपडीला कोपी म्हणतात. बांबू रोवायचे, वर एकत्र बांधायचे, भोवती चटया गुंडाळायच्या, वरून पाचट किंवा प्लॅस्टिकचा कागद टाकून सुतळीने आवळायचं. दार इतकं बुटकं की वाकूनच आत जावं लागतं आणि ताठ उभं राहता येतं ते मधोमध. बांबू आणि चटया कारखान्याने द्यायच्या, उभारणी कामगारांनी करायची, अशी पूर्वापार वहिवाट. पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही कारखान्याच्या रस्त्याने नोव्हेंबरनंतर गेलात तर अशा कोप्यांच्या रांगा दिसतील.

आता पॉडच्या माहितीपत्रकातले शब्द आठवा. सुटे भाग, जलद उभारणी, पाया नको, कुठेही हलवता येतो. यातला प्रत्येक शब्द कोपीला लागू आहे. बांबूची लांबी ठरलेली, चटईची रुंदी ठरलेली, एक चटई फाटली तर तेवढीच बदलायची. हंगाम संपला की सोडायची. दोन माणसं दिवस मावळायच्या आत ती उभी करतात, ड्रिल मशीनशिवाय.

या कोप्या किती जुन्या? माणूस शेतात खोप घालून राहतो हे तर फार जुनं आहे. ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला चार खांबांवर माळा बांधायचा आणि गोफण घेऊन बसायचं, हे माझ्या आजोबांनीही केलं. (येरमाळ्याच्या नावातला 'माळा' हाच, असं मी म्हणत नाही. गावांच्या नावांच्या व्युत्पत्तीत पडलेला माणूस परत येत नाही, असं आमच्या गाईड मॅडम सांगतात.) पण हजारोंच्या संख्येने, एका रांगेत, दरवर्षी त्याच महिन्यात उभ्या राहणाऱ्या कोप्या ही साखर कारखान्यांच्या काळातली गोष्ट. प्रवरानगरचा सहकारी कारखाना 1950 साली सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ही नावं तुम्ही शाळेत वाचली असतील. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात कालव्यांच्या पाण्यावर एकामागून एक कारखाने उभे राहिले. ऊस तिकडे आणि कोरडा बालाघाट इकडे. 1972 च्या दुष्काळानंतर या वाटेवरची गर्दी आणखी वाढली. पुढे आपल्याकडेही कारखाने आले, ढोकीचा तेरणा तर येरमाळ्याहून फार लांब नाही, पण दसऱ्यानंतर पश्चिमेला जाणाऱ्या गाड्या काही थांबल्या नाहीत.

इथे एक बारीक फरक आहे, जो मला पहिलं वर्षभर कळलाच नव्हता. ऊसतोडीत 'गाडी सेंटर' आणि 'डोकी सेंटर' असे दोन प्रकार. गाडी सेंटरची माणसं बैलगाडीने ऊस कारखान्यावर नेतात, म्हणून त्यांचा तळ कारखान्याजवळ एकाच जागी, हंगामभर. डोकी सेंटरची माणसं मोळ्या डोक्यावरून वाहून ट्रकमध्ये भरतात, आणि एका शिवारातला ऊस संपला की तळ उचलून पुढच्या शिवारात. म्हणजे पहिल्यांची कोपी हंगामातून एकदा उभी राहते, तर दुसऱ्यांचा निवारा पुन्हा पुन्हा. साहजिकच त्यांचं सामान हलकं. चार काठ्या आणि ताडपत्रीचं पाल. तुमचा निवारा किती पक्का हे तुमच्या ऐपतीवर नाही, तर तुम्हाला तो कितीदा हलवावा लागतो यावर ठरतं.

आता माझ्या प्रबंधाचा मुद्दा. तोडणीची मजुरी टनावर मिळते. नवरा-बायकोच्या जोडीला एक 'कोयता' धरतात आणि मुकादमाकडून घेतलेली उचल त्या टनांतून फेडायची असते. जे टनात मोजलं जात नाही ते हिशेबात नाही. कोपी उभारण्याचा दिवस टनात बसत नाही. अवकाळीने ती भिजली तर ती सोडून, वाळवून पुन्हा बांधण्याचा दिवसही बसत नाही. आतली जमीन चोपून सारवायची, दर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा सारवायची, चर उपसायचा, उंदराची बिळं बुजवायची, चटईच्या फटीत चिंध्या कोंबायच्या, ही सगळी कामं पहाटे फडावर जायच्या आधी किंवा रात्री आल्यावर, आणि बहुतेक करून बाईने. मावशी एका वाक्यात म्हणाल्या, "उभी करत्यात ते, राखते मी." मी माझ्या तिसऱ्या चॅप्टरची 40 पानं या वाक्याभोवती लिहिली आहेत, हे त्यांना सांगितलं तर त्या हसतील.

आणि हे सगळं 'तात्पुरतं' म्हणून. जरा गणित करा. एका हंगामाचे 5 महिने धरले आणि एखाद्या बाईने 20 हंगाम केले, तर 100 महिने होतात. आठ वर्षांहून जास्त. एवढा काळ आपण एखाद्या भाड्याच्या घरात राहिलो तर त्याला तात्पुरतं म्हणत नाही. पण कोपी तात्पुरती ठरली की तिला वीज नको, मोरी नको, संडास नको, पाणी लांबून आणलं तरी चालतं. 'तात्पुरतं' हा शब्द कागदांत कुठे येतो हे मी शोधत गेले, तेव्हा एक गोष्ट दिसली. तो घर किती दिवस टिकेल याबद्दल फारच थोडं सांगतो. घर राखायची जबाबदारी कोणावर नाही, हे मात्र तो नीट सांगतो.

हा शब्द मला आणखी एका ठिकाणी भेटला, आणि तिथे जायच्या आधी आपल्या पक्क्या घरांबद्दल बोलायला हवं. पक्कं घर म्हणजे माळवद. तुम्ही मराठवाड्यातले असाल तर घराचा आकार कसा सांगायचे आठवा. कोणी चौरस फुटांत सांगत नसे. 'पाच खणांचं', 'बारा खणांचं' असं सांगत. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. लाकूड जेवढं मिळेल तेवढा खण, आणि भाऊ वाढले, पैसा आला की आणखी खण काढायचे. परदेशात सुट्या भागांच्या घरांचा इतिहास सांगताना लंडनच्या मॅनिंग नावाच्या सुताराचं उदाहरण देतात. 1830 च्या दशकात त्याने ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या मुलासाठी असं घर केलं, की त्याच्या फळ्या कुठल्याही खाचेत बसाव्यात आणि प्रत्येक तुकडा एका माणसाला उचलता यावा. उदाहरण चांगलंच आहे. फक्त एकाच मापाचा खण पुन्हा पुन्हा लावून घर वाढवण्याची कल्पना आपल्या बोलण्यात इतकी मुरलेली होती, की तिला वेगळं नाव द्यावं असं कोणाला वाटलं नाही.

माळवदाच्या भिंती जाड दगडांच्या, मातीत रचलेल्या. वर लाकूड, त्यावर मातीचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही पांढरी माती भिजली की दाबून बसते आणि पाणी आत सोडत नाही. पण उन्हात तडकते, वाऱ्याने उडते, म्हणून मृगाच्या आधी नवी माती टाकून धाबं सारखं करायचं. माझी आई लहानपणी पाट्या भरून द्यायची. उन्हाळ्यात आत गार, थंडीत ऊब. आईला विचारलं तर त्याच्याइतकं चांगलं घर जगात नाही.

फक्त या डागडुजीत एक गोष्ट व्हायची. नवी माती पडायची, पण जुनी काढली जायची नाही. दरवर्षी एक थर. दोन-तीन पिढ्यांनंतर कित्येक घरांवर दीड-दोन फुटांपर्यंत माती चढलेली होती. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा दगडी भिंती उकलल्या आणि ही माती झोपलेल्या माणसांवर आली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे 10 हजार माणसं गेली. भूकंपाच्या मानाने मृत्यू इतके का, याचा अभ्यास करणाऱ्यांनी जी कारणं सांगितली त्यांत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि हे जड छत ठळक होतं.

हे वाचताना मी बराच वेळ थांबले होते. ही घरं कोणी हयगय केली म्हणून पडली नव्हती. छतावरचं वजन मायेने, वर्षानुवर्षं, घर गळू नये म्हणून चढवलेलं होतं. आईला मी हे अजून नीटसं सांगितलेलं नाही.

त्यानंतर आले पत्र्याचे शेड. सास्तूरपासून किल्लारीपर्यंत, ज्यांची गावं गेली त्यांच्यासाठी तात्पुरता निवारा. शब्द पाहिलात? पुढे जागतिक बँकेच्या मदतीने मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, 52 गावं नव्या जागी बसवली गेली आणि त्याला काही वर्षं लागली. तोवर मराठवाड्याचा उन्हाळा पत्र्याखाली. लोकांनी मग पत्र्यावर पाचट टाकलं, कडब्याच्या पेंढ्या रचल्या, पुढे मांडव घातला, आत जमीन सारवली. म्हणजे सरकारी शेडची हळूहळू कोपी केली. येरमाळा भूकंपाच्या मुख्य पट्ट्यापासून लांब होतं. पण आई सांगते, त्या हिवाळ्यात घर धड असूनही आजोळची माणसं अंगणात, रानात, छपरात झोपायची. ज्या माळवदाने पन्नास वर्षं सांभाळलं त्याच्याखाली झोप येत नव्हती. आणि हंगामाला कारखान्यावर गेलेली माणसं त्या वर्षी पहिल्यांदा म्हणाली म्हणे, की कोपी पडली तर निदान माणूस मरत नाही.

नवी घरं देताना आकार कसा ठरला तेही पाहून ठेवा. भूमिहीन आणि 1 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, त्यावर 7 हेक्टरपर्यंत 400, आणि त्याहून जास्त जमीन असेल तर 750. भूकंपात घर सगळ्यांचंच गेलं होतं, पण नवं घर सातबारा पाहून मिळालं. मामांचा पॉड 80 चौरस फूट आहे, दोन खुर्च्या आणि एका गादीसाठी. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही. आकडे एकाखाली एक लिहिले की दिसतं, एवढंच.

आता जरा मागे जाऊ, बरंच मागे, कारण 'राखणं' मोजायचं असेल तर त्याचा हिशेब कोणी लिहून ठेवला होता हे पाहावं लागतं. गरिबाच्या कोपीचा कोणी लिहिला नाही. बादशहाच्या कोपीचा लिहिला. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत फरासखान्याचं प्रकरण आहे, त्यात 'चोबीन रावटी' नावाच्या एका वास्तूचं वर्णन येतं. दहा खांब, जमिनीत थोडे रोवलेले. आडव्या तुळया, सगळं कड्या-खिळ्यांनी आवळलेलं. आणि भिंती व छप्पर कशाचं, तर चटयांचं! आतून किनखाब आणि मखमल, बाहेरून लाल कापड. मखमल काढा, कोपीच राहते. आपल्या मराठीतली 'राहुटी' याच घराण्यातली.

पण मला त्यातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. एक मुक्काम हलवायला 100 हत्ती, 500 उंट, 400 गाड्या, 100 हमाल. 1000 फरास, 500 बेलदार, 100 भिस्ती, 50 सुतार-तंबूवाले-मशालजी, चामड्याचं काम करणारे 30 आणि झाडणारे 150. बादशहासाठी हा निवारा हलका आणि जलद होता, कारण त्याचं वजन या माणसांनी उचललेलं होतं. औरंगजेब 1681 साली दख्खनला निघाला, 1682 मध्ये इथे पोचला आणि 1707 मध्ये अहमदनगरला मरेपर्यंत उत्तरेला परतला नाही. त्यातली चार वर्षं त्याची छावणी भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती, आजच्या सोलापूर जिल्ह्यात. पंचवीस वर्षं तंबूत राहूनही त्याला कोणी पालावरचा माणूस म्हणत नाही, कारण सारवण त्याला करायला लागलं नाही.

प्लेगबद्दल खरं तर स्वतंत्र लेख लिहायला हवा, इथे धावतं सांगते. 1896-97 पासून दख्खनभर प्लेग फिरला तेव्हा गावंच्या गावं घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिली. पक्कं घर धोक्याचं आणि झोपडी सुरक्षित, असं तेव्हाही घडलं होतं. पुण्याजवळ यशवंतराव फुले यांनी दवाखाना घातला तोही शहराबाहेर, ससाण्यांच्या माळावर. रुग्णांची सेवा करता करता 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई गेल्या. रिकाम्या घरांना आतून चुना मारत, आणि बाहेर माळावर झोपडीची डागडुजी ज्याची त्याने करायची.

चुना म्हटलं की मी येरमाळ्यावर परत येतेच. चैत्र पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी चुन्याच्या रानात येते आणि लाखो माणसं वाकून चुनखडीचे खडे वेचतात. पालखी मग आमराईतल्या मंदिरात मुक्कामाला जाते. वेचलेल्या चुनखडीचा चुना देवीच्या मंदिराला लावायचा, ही परंपरा. मी लहानपणापासून खडे वेचले आहेत, आणि संशोधनात पडेपर्यंत मला ते फक्त पुण्याचं काम वाटत होतं. आता दिसतं की हा एका वास्तूच्या वार्षिक देखभालीचा दिवस आहे. ठरलेली तिथी, ठरलेली जागा, आणि काम इतक्या हातांत वाटलेलं की कोणाच्याच वाट्याला ओझं येत नाही. ऊसतोडीच्या टोळ्या साधारण याच सुमाराला परतलेल्या असतात. स्वतःची कोपी नुकतीच सोडून आलेली बाई देवीच्या भिंतीसाठी खडा वेचते. यावर मी चॅप्टरमध्ये एक भावुक परिच्छेद लिहिला होता. मॅडमनी तो काढायला लावला, आणि ते बरंच झालं.

तर पॉड. ऑगस्टच्या शेवटी उघडीप मिळाली तेव्हा मावशी, त्यांचे मालक, मामा आणि मी, असं आम्ही तो पुन्हा बसवला. तुम्ही असला काही विचार करत असाल तर काय केलं ते सांगते. आतलं सामान काढून पॅनेल्स सोडली. सुटे भाग असण्याचा फायदा एवढाच, की चूक सुधारता येते. खालची काळी माती मुरूम लागेपर्यंत उकरली, आमच्याकडे ती दोन-अडीच फूट निघाली. मग त्या खड्ड्यात मुरूम टाकायचा, पण एकदम नाही. वीतभर थर, पाणी, धुमसाने चोपायचं, मग पुढचा थर. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा अर्धा फूट वर ओटा आला तेव्हा त्यावर काँक्रीटचे सहा ठोकळे घातले, चार कोपऱ्यांना आणि दोन मधे, आणि लेव्हलच्या नळीने सगळ्यांची पातळी एक केली. चौकट ठेवल्यावर समोरासमोरचे कोपरे दोरीने तिरके मोजले. दोन्ही तिरकी मापं सारखी आली तरच चौकट काटकोनात आहे, नाहीतर दार पुन्हा रुसणार. पहिल्या वेळी आलेल्या पोरांनी हे माप घेतलंच नव्हतं असा माझा संशय आहे.

चौकट ठोकळ्यांना बोल्टने आवळली. हे विसरू नका. वळवाचा वारा 80 चौरस फुटांची हलकी खोली सहज हलवतो, आणि या भागात वळीव गारा घेऊन येतो. मावशींचे मालक तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी दोन बाजूंना खुंट्या ठोकून छतावरून दोरखंड आवळला, कोपीला आवळतात तसा. पॉडच्या देखणेपणाचं काय व्हायचं ते झालं, मामांनी तोंड वाकडं केलं, पण दोर अजून आहे.

चर मावशींनी काढला. भोवती चारही बाजूंनी वीतभर खोल, आणि उताराकडे लांबवर सोडलेला. पॉडच्या माहितीपत्रकात बारा पानं आहेत, त्यांत चराबद्दल एक ओळ नाही. चौकटीखाली वारा फिरेल एवढी जागा मोकळी ठेवली आणि तिला बारीक जाळी मारली, नाहीतर उंदीर फोममध्ये घर करतात. सांध्यातलं जुनं सिलिकॉन खरवडून नवं भरलं. आमच्या उन्हात ते फार वर्षं टिकत नाही, स्क्रूखालचे रबरी वॉशर तडकतात, म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी छतावर चढून एकेक स्क्रू पाहायचा. बिजागरीला तेल. भोवतीचं गवत काढलेलं. आणि पावसाळ्यात खोली कुलूप लावून बंद ठेवायची नाही. रोज थोडा वेळ दार-खिडकी उघडायची, कारण बुरशी गळतीपेक्षा कोंडलेल्या दमटपणाने जास्त येते. मामांच्या गादीचा खरा गुन्हेगार तोच होता असं मला वाटतं. एक गोष्ट मी हट्टाने करवून घेतली. नवं सिलिकॉन जुन्यावर चढवायचं नाही, आधी जुनं काढायचं. का, ते मामांना सांगितलं नाही.

मामांनी दोघांना तीन दिवसांची रोजंदारी दिली. मी विचारलं, की मृगाच्या आधीची पाहणी, चर उपसणं, रोज दार उघडणं याचं काय? मामा म्हणाले, "अगं, ते काय काम आहे का? येता-जाता होतं." मी माझ्या तिसऱ्या चॅप्टरविषयी बोलायला सुरुवात केली, तर मामींनी जेवायला बोलावलं. तो विषय दिवाळीला पुन्हा निघाला. सध्या ठरलं आहे ते असं: महिन्यातून दोन दिवसांची रोजंदारी 'पॉडची' म्हणून वेगळी धरायची, आणि मामींच्या वहीत तसं लिहायचं. वहीत पहिली नोंद माझ्या अक्षरात आहे.

पण ती वही आता पाडव्यापर्यंत कोरीच राहणार. दसऱ्यानंतर टोळी निघाली. पॉडच्या पॅनेल्सना गुंडाळून आलेला जाड प्लॅस्टिकचा कागद मामांनी गोठ्यात ठेवला होता, तो मावशींनी मागून घेतला. घडी घालून, सुतळीने बांधून, चटयांच्या वर टाकायला म्हणून गाडीत सगळ्यात वर ठेवला. किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "ताई, रोज दार उघडायला सांगा कुणाला तरी."